एक कसोटी की बारा? मराठवाड्याच्या दोन खेळाडूंचा न मिटणारा वाद

मोहाली, ६ डिसेंबर २००१. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीचा चौथा दिवस. भारताला विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या होत्या. अशा वेळी नेहमीचे सलामीवीर पायघोळ पॅड बांधून उतरतात आणि दोन-चार चेंडूंत काम उरकून परततात. त्या दिवशी मात्र दीप दासगुप्ता यांच्या जोडीला सलामीला आला तो एक वेगवान गोलंदाज. आदल्या तीन दिवसांतच त्याचे कसोटी पदार्पण झाले होते. त्या पाचही धावा त्याच्याच बॅटमधून आल्या, भारत दहा गडी राखून जिंकला आणि तो नाबाद राहिला. त्यानंतर तो भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. त्याचे नाव इक्बाल सिद्दीकी, जन्मगाव औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर.

याच सामन्यात आणखी एका मराठवाडी खेळाडूने भारताची टोपी पहिल्यांदा डोक्यावर ठेवली होती. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर. एका मागास म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशातले दोघे एकाच सकाळी कसोटीपटू व्हावेत, हा योग दुर्मीळ. बांगर पुढे बारा कसोटी आणि पंधरा एकदिवसीय सामने खेळले. सिद्दीकींच्या नावापुढे एकच कसोटी राहिली. तेव्हापासून क्रिकेटवेड्या मराठवाड्यात हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो: या दोघांपैकी मोठा वारसा कोणाचा?

वरवर पाहता प्रश्नच चुकीचा वाटतो. बारा आणि एक यांची तुलना ती काय करायची? पण चाहते इतके भोळे नसतात. सिद्दीकींची बाजू घेणारे म्हणतात की त्यांनी महाराष्ट्राच्या संघाकडून वर्षानुवर्षे निर्जीव खेळपट्ट्यांवर घाम गाळला, प्रथम श्रेणीत तीनशेहून अधिक बळी मिळवले, आणि एवढ्या मेहनतीच्या मोबदल्यात त्यांना मिळाला फक्त एक सामना. बांगरांची बाजू घेणारे हेडिंग्ले म्हणतात आणि गप्प बसतात. त्यांच्या मते त्या एका शब्दात सारे आले.

दोन्ही बाजू तपासण्याआधी मोहालीची ती कसोटी कोणत्या परिस्थितीत खेळली गेली ते पाहायला हवे. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी दक्षिण आफ्रिकेत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकरांसह सहा भारतीय खेळाडूंवर कारवाई केली होती. त्यावरून भारतीय मंडळ आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांच्यात असा काही वाद पेटला की इंग्लंडचा दौरा होतो की नाही इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी वीरेंद्र सेहवाग यांना मोहालीच्या सामन्याबाहेर ठेवून तोडगा निघाला. दुसरीकडे जवागल श्रीनाथ या सामन्यासाठी उपलब्ध नव्हते, आणि भारताच्या वेगवान माऱ्याची जबाबदारी आली ती टिनू योहानन, इक्बाल सिद्दीकी आणि संजय बांगर या तिघांवर. तिघांचा मिळून कसोटीचा अनुभव शून्य. असा मारा घेऊन भारत मायदेशात तरी क्वचितच उतरला असेल.

सामना जिंकून दिला तो अर्थातच फिरकीने. पहिल्या डावात हरभजन सिंगचे पाच बळी, दुसऱ्यात अनिल कुंबळेंचे सहा. इंग्लंड २३८ आणि २३५. भारत ४६९, त्यात दासगुप्तांचे शतक. बांगरांनी ३६ धावा केल्या, सिद्दीकींनी शेपटाकडे येऊन २४. सिद्दीकींना संपूर्ण सामन्यात मिळाला एक बळी. पुढच्या अहमदाबाद कसोटीत श्रीनाथ परतले आणि सिद्दीकींची जागा गेली. त्यांचे कसोटी जीवन चार दिवसांचे. फलंदाजीची सरासरी २९. गमतीचा भाग असा की बारा कसोटींनंतर बांगरांची सरासरीही २९ च्याच घरात थांबली. या आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, तरी सिद्दीकींचे चाहते तो ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

आता हेडिंग्ले. ऑगस्ट २००२. भारत मालिकेत ०-१ ने मागे, आकाश ढगाळलेले, खेळपट्टीवर ओल, आणि सौरव गांगुलींनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतलेली. सेहवाग लवकर बाद झाले. अशा हवेत लीड्सला चेंडू कसा वळतो हे पाहिलेल्यांना पुढची दृश्ये आधीच दिसू लागली असतील. पण बांगर उभे राहिले. राहुल द्रविड यांच्यासोबत त्यांनी १७० धावांची भागी केली. त्यात त्यांच्या वाट्याच्या ६८ धावा आणि त्यासाठी खेळलेले २३६ चेंडू. चेंडू सोडणे, अंगावर घेणे, पुन्हा सोडणे, असा तो सगळा डाव. त्या पायावर द्रविड (१४८), तेंडुलकर (१९३) आणि गांगुली (१२८) यांची शतके उभी राहिली, भारताने ६२८ वर डाव सोडला आणि सामना एक डाव ४६ धावांनी जिंकला. परदेशात, इंग्लंडमध्ये, असा विजय भारताला फार थोड्या वेळा मिळालेला आहे. नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध बांगरांनी केलेले नाबाद शतक आज किती जणांना आठवते? त्या ६८ धावा मात्र शतकाहून मोठ्या ठरल्या. धावफलक हे सांगत नाही. तो दिवस पाहिलेली माणसे सांगतात.

तेव्हा बांगरांचे पारडे जड, असे म्हणून विषय संपवता येईल. पण वादाचा खरा गाभा आकड्यांत नाही. बांगर रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळले नाहीत, ते रेल्वेकडून खेळले. क्रिकेटच्या मिळकतीवर घर चालण्याचा काळ अजून यायचा होता. रेल्वेची नोकरी म्हणजे पगार, पास आणि वर्षभर मैदान. लहान गावातून आलेल्या कित्येक खेळाडूंना रेल्वेने उभे केले, आणि २००१-०२ मध्ये रेल्वेचा संघ रणजी विजेता ठरला तेव्हा बांगर त्याचा कणा होते. सिद्दीकींचे चाहते विचारतात की ज्याची घडण रेल्वेने केली तो आपला कसा? आणि बांगरांचे चाहते उलट विचारतात की त्याला राज्याबाहेर वाट शोधावी लागली, हा दोष कोणाचा? या दुसऱ्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि बहुधा म्हणूनच वाद संपत नाही.

दोन खेळाडूंच्या थोरवीवरून चाहत्यांत तट पडणे महाराष्ट्राला नवे नाही. या प्रकारातला सर्वांत गाजलेला वाद विजय मर्चंट आणि विजय हजारे यांचा. मर्चंट मुंबईच्या सधन घरातले, सिडनहॅम महाविद्यालयाच्या मैदानावर घडलेले. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, संस्थानिकांच्या आश्रयाने वाढलेले. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर आधारलेल्या संघांत खेळली जाई. मर्चंट हिंदूंकडून, हजारे ‘इतर’ या संघाकडून. ‘इतर’ या नावातच सगळे आले! महात्मा गांधींनी १९४० मध्ये अशा स्पर्धांना विरोध दर्शवला होता, तरी ब्रेबॉर्न स्टेडियम ओसंडून वाहत असे.

१९४३ च्या स्पर्धेत जे घडले ते आजही खरे वाटत नाही. मुस्लिम संघाविरुद्ध हजारेंनी २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी ‘इतर’विरुद्ध नाबाद २५० काढून त्यांना दोन धावांनी मागे टाकले. हिंदू संघाच्या ५ बाद ५८१ धावा झाल्या. उत्तरात ‘इतर’ १३३ वर गारद. त्यातल्या ५९ एकट्या हजारेंच्या. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ हजारेंच्या. सहाव्या गड्यासाठी धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. एवढे करूनही ‘इतर’ संघ डावाने हरला. महिना उलटायच्या आत मर्चंट यांनी रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या. चाहत्यांनी मग काय करावे? धर्माचे तट बाजूला पडले आणि नवे तट उभे राहिले: मर्चंटवाले आणि हजारेवाले.

प्रथम श्रेणीत मर्चंट यांची सरासरी ७१ च्या वर, जगात ब्रॅडमननंतरची. पण महायुद्ध आणि दुखापती यांनी त्यांना फक्त दहा कसोटी दिल्या. हजारे तीस कसोटी खेळले, १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर दोन्ही डावांत शतके केली, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. आणि कसोटी सरासरी? दोघांचीही ४७ च्या घरात, फरक दशांशाचा. संख्येने न सुटणारे वाद चाहते का घालतात, याचे उत्तर या जोडीइतके स्पष्ट दुसरीकडे सापडणार नाही. मर्चंटवाल्यांना शैली आणि शिस्त यांचा अभिमान होता. हजारेवाल्यांना एकट्याने लढण्याचा.

मर्चंट यांच्या वाटेत महाविद्यालय होते, ही गोष्ट किरकोळ नाही. १९३५-३६ पासून आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला आणि मुंबई विद्यापीठाने त्यावर जवळजवळ मालकी सांगितली. मडगावचे दिलीप सरदेसाई १९५९-६० च्या या स्पर्धेत चमकले, त्या बळावर विद्यापीठांच्या संयुक्त संघातून पाकिस्तानविरुद्ध पुण्यात खेळले, ८७ धावा केल्या आणि वर्षभरात कसोटीपटू झाले. सेंट झेवियर्सचे सुनील गावसकर याच स्पर्धेत ३२७ धावांचा डाव खेळून अजित वाडेकरांच्या पुढे गेले. तेव्हा महाविद्यालयाचे मैदान ही भारतीय संघाची अगदी जवळची पायरी होती. पुण्यात तर महाविद्यालयच क्रिकेटचे घर. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ रणजी करंडक मिळवून दिला आणि वयाच्या ४९ व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा ते चाळिशीत होते. कसोटीची टोपी त्यांना मिळालीच नाही. तरी त्यांच्या नावाने देशाची स्पर्धा झाली. कसोटींची संख्या मोजून थोरवी ठरवणाऱ्यांनी देवधरांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

मग मराठवाड्यातल्या मुलांच्या वाट्याला ही पायरी का आली नाही? कारण ती तिथे बांधलीच गेली नव्हती. औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. क्रिकेट होते, पण ते हैदराबादचे: १९३४ मध्ये तिथे संघटना झाली आणि १९३७-३८ मध्ये हैदराबादने रणजी करंडकही जिंकला. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. पण पदवीसाठी हैदराबादलाच जावे लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, आणि मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. मुंबई विद्यापीठ तोवर शंभर वर्षांचे झाले होते. सरदेसाई बारिया करंडकात धावा काढत होते तेव्हा मराठवाड्याचे विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचे होते.

राज्य मराठी भाषकांचे झाले तरी क्रिकेटचा नकाशा जुनाच राहिला. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ. मराठवाडा महाराष्ट्राच्या संघात, आणि त्या संघाचे केंद्र पुणे. विदर्भाला स्वतःचा संघ मिळाला, तो अनेक दशके हरत राहिला आणि मग २०१७-१८ व २०१८-१९ अशी सलग दोन विजेतेपदे घेऊन गेला. मराठवाड्याला हरण्याचीही संधी मिळाली नाही. हा युक्तिवाद कोणाला तक्रारखोर वाटेल. पण आमखास मैदानावर किंवा गरवारे क्रीडासंकुलात चेंडू टाकणाऱ्या मुलाला राज्याच्या संघात येण्यासाठी सव्वादोनशे किलोमीटर दूरच्या निवडकर्त्यांच्या नजरेत भरावे लागे, हे भूगोलाचे साधे सत्य आहे. सिद्दीकी त्या वाटेने गेले आणि पोहोचले. बांगर दुसऱ्या वाटेने गेले आणि अधिक दूर पोहोचले.

नंतरच्या पिढीने या वादाला वेगळेच वळण दिले. ऑक्टोबर २०१६, वानखेडे स्टेडियम, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. तिसऱ्या गड्यासाठी नगरचे स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि औरंगाबादचे अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी ५९४ धावांची अभेद्य भागी केली. भारतातला याआधीचा विक्रम होता ५७७ धावांचा. तो १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून गुल मोहम्मद आणि विजय हजारे यांनी केला होता. म्हणजे सांगलीच्या हजारेंचा जवळपास सत्तर वर्षांचा विक्रम मोडण्यात औरंगाबादच्या मुलाचा हात होता. जागतिक विक्रम संगकारा-जयवर्धने यांचा, ६२४. महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला, तेव्हा तो मोडायला ३१ धावा कमी होत्या.

इथे कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण टाळता येत नाही. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. मधल्या सुटीत काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला आणि संघ घरी निघाला. निंबाळकरांना कधीही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. निंबाळकर प्रतिस्पर्ध्याच्या हट्टाने थांबले, बावणे-गुगळे स्वतःच्या संघाच्या निर्णयाने. पण महाराष्ट्राच्या संघाला विश्वविक्रमाच्या दारातून परतण्याची काही सवयच असावी, असे वाटून जाते.

बावणे यांची प्रथम श्रेणीतली सरासरी पन्नासच्या आसपास. भारत ‘अ’ संघापर्यंत ते पोहोचले, वरिष्ठ संघाचे दार उघडले नाही. शेजारच्या जालन्याचे विजय झोल यांची कथा आणखी विलक्षण. २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१, पुढे २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे कर्णधार. त्याच मोसमात रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर मुंबईला हरवताना महाराष्ट्राने चौथ्या डावात अडीचशेहून अधिक धावांचा पाठलाग केला, तो केदार जाधव यांच्या नाबाद १२० आणि झोल यांच्या नाबाद ९१ धावांनी. मुंबईला मुंबईत! महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला आणि कर्नाटककडून हरला.

तर सिद्दीकी की बांगर? कर्तृत्वाची फूटपट्टी लावली तर हेडिंग्लेचा तो डाव निर्विवाद वरचा. त्याला उत्तर देईल असे सिद्दीकींच्या चार दिवसांत काही नाही, आणि एका बळीला तीनशे बळींचे वजन कसोटीच्या तक्त्यात मिळत नाही. पण वारसा म्हणजे पुढच्याला वाट दाखवणे असेल, तर निर्णय उलटा लागतो. औरंगाबादच्या मैदानावरून, नोकरीसाठी राज्य न सोडता, महाराष्ट्राच्या संघातून थेट भारताच्या टोपीपर्यंत जाता येते, हे सिद्दीकींनी दाखवले. बावणे आणि झोल त्याच वाटेवरून चालले. त्या वाटेच्या शेवटी असलेली टोपी अजून दुसऱ्या कोणाला मिळायची आहे. क्रिकेटच्या कोड्यांत मात्र सिद्दीकी उरले आहेत ते एका ओळीपुरते: कारकिर्दीतल्या एकमेव कसोटीत गोलंदाजीला सुरुवात करणारा आणि फलंदाजीला सलामी देऊन विजयी धावा काढणारा भारतीय कोण? उत्तर पटकन येते. त्याआधीच्या दहा वर्षांच्या गोलंदाजीबद्दल पुढे कोणी विचारत नाही.